पाडलेला वाडा व्हीआरमध्ये उभा करताना : कामाच्या नोंदी

आमचा पुण्याच्या शनिवार पेठेतला वाडा १९९३ साली पाडला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वाडा आतून नीट माहीत असलेली आता तीनच माणसं उरली आहेत: आत्या (७२), काका (७६) आणि नाशिकला राहणाऱ्या माई, म्हणजे वडिलांची चुलत बहीण (८१). वाडा व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमधल्या आभासी जगात, परत उभा करायचा, त्यांना त्यात फिरवायचं आणि फिरताना जे जे आठवेल ते टिपून ठेवायचं, असं हे काम. घरचं, गावचं किंवा धरणाखाली गेलेल्या वस्तीचं असंच काही कुणी करणार असेल, तर त्याने १९ मेची नोंद आधी वाचावी आणि मग बाकीचं.

११ फेब्रुवारी २०२४

हाताशी अकरा फोटो आहेत. बहुतेक मुंजी-बारशांचे, म्हणजे माणसं पुढे आणि वाडा मागे कोपऱ्यात. सिटी सर्व्हेच्या नकाशावर बाहेरची हद्द मिळाली, आतलं काहीच नाही. काकांनी कागदावर पेनाने नकाशा काढून दिला: दिंडी दरवाजा, चौक, मधोमध हौद, समोर पाच खणांची ओसरी, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, उजवीकडून माडीवर जाणारा जिना.

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, पण नेमकं किती फूट ते कुणाला सांगता येईना. एका फोटोत खांबाला टेकवून ठेवलेली सायकल आहे. जुनी सायकल, २८ इंची चाक. त्यावरून खण पावणेपाच फुटांचा निघाला. ह्या एका मापावर सगळं उभं केलं.

खर्च: सेकंडहँड क्वेस्ट २ हेडसेट, १६,५०० रुपये. ब्लेंडर (थ्रीडी आकार घडवायला) आणि युनिटी (ते हेडसेटमध्ये चालवायला) ही सॉफ्टवेअर फुकट. लॅपटॉप माझा कामाचाच.

२५ फेब्रुवारी

भिंती, खांब, कडीपाट, कौलं झाली. शहाबादी फरशी मोबाईलवर फोटो काढून लावली. ओसरी अगदी भकास दिसत होती, म्हणून एका फुकट थ्रीडी संग्रहातून पितळी कड्यांचा झोपाळा आणला आणि लावून टाकला. घंगाळ, दोन समया, पानाचा डबा, फडताळातल्या बरण्या हेही तिथलंच सामान. ‘तात्पुरतं’ असं फोल्डरला नाव दिलं.

१० मार्च

आत्याला पहिल्यांदा हेडसेट लावला. चार मिनिटांत मळमळायला लागलं. तासभर पडून राहिली, मला फार वाईट वाटलं.

कारण तपासलं. हेडसेटला सेकंदाला निदान ७२ चित्रं हवी होती, माझं मॉडेल ३४ देत होतं. मान वळली की चित्र मागून येतं आणि पोट ढवळतं. एकेक कौल वेगळं घडवलं होतं, एकवीस लाख त्रिकोण (थ्रीडी आकार ज्या तुकड्यांनी बनतो ते) झाले होते. कौलांची एक पट्टी करून तीच परत परत वापरली, टेक्श्चर, म्हणजे भिंती-फरशांवर चिकटवलेली चित्रं, ४०९६ पिक्सेलवरून १०२४ वर आणलं, उजेड-सावल्या दर वेळी मोजायला न लावता आधीच चित्रात भाजून ठेवल्या. त्रिकोण तीन लाखांच्या आत आले, वेग ७२ वर स्थिर झाला. ह्यात अडीच आठवडे गेले. म्हाताऱ्या माणसाला हेडसेट लावायच्या आधी वेगाचा आकडा बघाच. एकदा त्रास झाला की पुढच्या वेळी तयार करणं अवघड जातं.

३१ मार्च

आत्या परत बसली. मळमळ नाही. पण चेहऱ्यावर काहीच नाही. इकडे-तिकडे बघून म्हणाली, “छान केलंयस रे. पण हे आपलं घर नाही. आपलं घर केवढं मोठं होतं.”

मापं सगळी बरोबर होती. घरी आल्यावर रात्री डोक्यात आलं: ती सांगते तो वाडा नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेला आहे. कॅमेरा खाली आणून पाहिला, तर पाय फरशीत बुडायला लागले. मग उलटं केलं, सगळा वाडाच सव्वापट मोठा केला. आत्याचा डोळा आज १४५ सेंटीमीटरवर आहे, सव्वापट वाड्यात तो ११६ वर असल्यासारखा होतो.

दुसऱ्या दिवशी तिला हे काही न सांगता हेडसेट लावला. ती देवघराच्या दाराशी थांबली आणि उजवा हात वर, डोक्याच्याही वर नेला. तिथे कोनाडा आहे. “ह्याच्यात आईची हळदीकुंकवाची कोयरी असायची. मला दिसायची नाही. हात घालून चाचपायचे, मग बोटं लाल.” कोयरी मी केलेलीच नव्हती. फोटोतही नाही. हे तिचं स्वतःचं होतं. हेडसेटने फक्त कोनाडा तेवढ्या उंचीवर नेऊन ठेवला. ह्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं मिनिट मी हेच धरतो.

९ एप्रिल, पाडवा

सगळे आमच्याकडे जेवायला होते. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर लावलं, बाकीचे कोचावर बसून बघत होते. आत्या ओसरीवर झोपाळ्यापाशी गेली आणि म्हणाली, “ह्याच्यावर बसून मी परवचा म्हणायचे. आप्पा खांबाला टेकून बसायचे. कड्या कुरकुरायच्या.” काका माना डोलावत होते. माझी मुलगी रडायला लागली. मी रेकॉर्डिंग केलं आणि फाईलला नाव दिलं ‘अस्सल-०४’.

२१ एप्रिल

काका चौकातून स्वयंपाकघरात जाताना हरवतात. जन्म गेला त्या घरात. आधी वाटलं माझा नकाशा चुकला. पण कागदावर विचारलं तर बोट बरोबर फिरवतात.

काका खुर्चीत बसून हातातल्या कांडीने (हेडसेटच्या कंट्रोलरने) पुढे सरकत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मयंक मेहता यांच्या गटाने उंदरांना आभासी खोलीत फिरवून मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाच्या, पेशी तपासल्या होत्या. २०१४ साली ते काम आलं. खऱ्या खोलीत जागा ओळखणाऱ्या पेशींपैकी सुमारे ६० टक्के आभासी खोलीत गप्प झाल्या होत्या. डोळ्यांना खोली दिसत होती, पण बाकी शरीराला तिचा पत्ता नव्हता. उंदरावरून काकांबद्दल काही ठरवायचं नाही. तरी चालवून बघायला काय हरकत होती?

सोसायटीचा हॉल दोन तास घेतला, ४०० रुपये. खुर्च्या बाजूला सारल्या, मी मागे हात धरायला. काका स्वतःच्या पायांनी चालले. हरवले नाहीत. माजघराच्या दाराशी आपोआप वाकले, कारण तिथली चौकट खाली होती. जिन्यापाशी म्हणाले, “तिसरी पायरी हलते, जपून.” मॉडेलमध्ये पायरी हलत नाही. जमेल तिथे माणसाला चालवा. जागा नसेल तर एकेक खोली करून चालवा. कांडीने सरकवू नका.

१९ मे

चुलतबहिणीने ट्रंकेतून आणखी दोन फोटो पाठवले. एक १९६० चा, काकांच्या मुंजीचा. ओसरी पूर्ण दिसते, वरची तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोटो स्कॅन करून मोठा केला. तुळईला कड्या नाहीत. कड्यांची भोकं नाहीत. झोपाळा टांगायला जागाच नाही, कारण मधल्या दोन खणांत धान्याची कणगी उभी आहे.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “झोपाळा? तो वाईला, मामाकडे. आपल्याकडे कुठला?” पाडव्याला मान का डोलावली विचारलं तर म्हणाले, “समोर दिसत होता की. मला वाटलं नंतर कधीतरी लावला असेल.”

संध्याकाळी आत्याकडे फोटो घेऊन गेलो. तिने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “असेल बाबा. पण मला कड्यांचा आवाज ऐकू येतो. आत्तासुद्धा.”

झोपाळ्याला मी आवाज दिलेलाच नव्हता. कुरकुर तिने वाईहून आणली, आप्पा शनिवार पेठेतले, झोपाळा फुकटच्या संग्रहातला. तिन्ही मिळून एक आठवण तयार झाली आणि ती आत्याला बाकीच्या आठवणींइतकीच खरी वाटते. ती खोटं बोलत नाही. परवचाही म्हणायची, आप्पाही बसायचे. फक्त जागा मी बदलून टाकली, आणि आता वाईचा झोपाळा वाईला परत नेऊन ठेवता येत नाही. तिला सांगून झालं, फोटो दाखवून झाला. “माझ्या डोळ्यासमोर तोच येतो,” म्हणते.

घरी आल्यावर ‘तात्पुरतं’ फोल्डर उघडलं. त्रेचाळीस वस्तू. त्यातल्या सतरांना कसलाच आधार नाही, ना फोटोचा, ना कुणाच्या सांगण्याचा.

२६ मे

आठवडाभर कामाला हात लावला नाही. वाचत होतो.

सुरुवातीला मला उमेद आली होती ती मेरीलँड विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगामुळे. चाळीस जणांना आभासी महालात आणि गावात ठिकठिकाणी ओळखीचे चेहरे लावून दाखवले, मग कुठे कोण होतं ते विचारलं. साध्या पडद्यापेक्षा हेडसेटवाल्यांची अचूकता ८.८ टक्क्यांनी जास्त निघाली. ते वाचून मी म्हटलं होतं, हेडसेटने स्मरण सुधारतं, मग म्हाताऱ्यांचंही सुधारेल. वाचण्यात चूक माझी. तिथे लोकांना हेडसेटमध्ये दाखवलेलंच आठवायचं होतं. दाखवलेलं पक्कं बसतं एवढाच त्याचा अर्थ. मग चुकीचं दाखवलं तर तेही तितकंच पक्कं बसणार. झोपाळा बसला तसा.

स्टॅनफर्डचं काम तर २००९ चं आहे, सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांचं. लहान मुलांना त्यांनी व्हीआरमध्ये देवमाशांबरोबर पोहल्यासारखं दाखवलं. नंतर विचारलं तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी काहींना ते खरंच घडलं होतं असं वाटत होतं. हे मी फेब्रुवारीत वाचलं असतं तर झोपाळा लावला नसता.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. आमचं स्वयंपाकघर मला आता मॉडेलमधल्या उजेडातच दिसतं. पश्चिमेच्या झरोक्यातून तिरपा येणारा तो पिवळा पट्टा मी स्वतः बसवला, छान दिसतो म्हणून. खरा उजेड कसा होता ते आठवायला गेलो की तो पट्टाच येतो. आईने त्याच खोलीत मला पहिली भाकरी थापायला शिकवली होती. ती आठवणही आता त्या पट्ट्यात न्हाऊन येते. हे मला फार लागलं.

९ जून

काम बंद करायचं नाही असं ठरवलं, पण पद्धत उलटी केली.

आधी सांगणं, मग दाखवणं. प्रत्येकाशी एकट्याशी बोलायचं, हेडसेट घरी ठेवून, फक्त रेकॉर्डर. “ओसरीवर झोपाळा होता का?” असं विचारायचं नाही, “ओसरीवर काय काय होतं?” असं विचारायचं. सांगून संपलं, नकाशा त्यांच्या हाताने काढून झाला, की मगच हेडसेट. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकवायचं नाही आणि टीव्हीवर लावायचं नाही. पाडव्याचं सगळं रेकॉर्डिंग त्यामुळेच निकामी झालं आहे, एकाच्या तोंडून आलेलं चौघांच्या डोक्यात गेलं.

मॉडेलमध्ये तीन रंग केले. फोटोत दिसतं ते खऱ्या रंगात. दोघांनी वेगवेगळं, न ठरवता सांगितलं ते फिक्या रंगात. बाकी जागा करडी, सपाट, काही नसलेली. सतरा वस्तू काढल्या, तिरपा उजेडही काढला. ओसरी परत भकास दिसते. पण गंमत अशी की करड्या जागेपाशी माणसं जास्त बोलतात. काका करड्या कोपऱ्यापाशी उभे राहून बंबाबद्दल पंधरा मिनिटं बोलले: भुसा कोण आणायचं, राख कुठे टाकायची, पहिली आंघोळ कुणाची. भरलेल्या कोपऱ्यापाशी नुसतं “हो हो” म्हणायचे.

रंगांचं काम पाच रात्री.

१२ जुलै

मुद्दाम ह्या दिवशी केलं. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि पेठांत पाणी शिरलं. घरची सगळी मंडळी वेळेवर पर्वतीकडे गेली होती. परत आल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ होती, ती दोन-तीन दिवाळ्या रंग देऊनही वर यायची. ती रेघ कुठे होती, हे विचारायचं होतं. मॉडेलमध्ये मी ती अजून काढली नव्हती, हे नशीब.

हेडसेटमध्ये हातातल्या कांडीने भिंतीवर रेघ मारता येईल असा खडू तयार केला. काका सकाळी, आत्या दुपारी, एकमेकांना न भेटता. आधी दोघांचं तोंडी रेकॉर्डिंग झालं होतंच.

आत्याची रेघ साडेसात फुटांवर आली, काकांची चार फूट सात इंचांवर. जवळजवळ तीन फुटांचा फरक. दोन दिवस मी ह्यावर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की आत्याचा वाडा सव्वापट आहे आणि काकांचा १.१ पट, ते तेव्हा तेरा वर्षांचे होते म्हणून. भागून काढलं: आत्याची सहा फूट, काकांची चार फूट दोन इंच. फरक एक फूट दहा इंच. माप नोंदवणाऱ्या फाईलमध्ये प्रमाणही लिहायचं, ही सोय आता केली.

कुणाची रेघ खरी, ते मी ठरवलेलं नाही. दोन्ही ठेवल्या आहेत, वेगळ्या रंगात, खाली नाव आणि त्या वेळचं वय.

१८ ऑगस्ट

एआर करून बघितलं, म्हणजे समोरच्या खऱ्या जागेवरच आभासी चित्र दाखवणं. वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे, खाली पार्किंग. फोन समोर धरला की पार्किंगमध्ये वाड्याच्या भिंती उभ्या राहाव्यात, अशी कल्पना. अरुंद बोळात जागेचा अंदाज चुकत होता, दिंडी दरवाजा दर मिनिटाला हातभर सरकायचा. जमिनीवर चार छापील खुणा चिकटवल्यावर बराच स्थिर झाला. छपाई २४० रुपये.

आत्याने फोन धरून उंबरठा ओलांडला, आत आली, फोन माझ्या हातात दिला. बाहेर जाताना फोन नव्हता. तरी त्याच जागी पाय उचलून टाकला. मोकळी सिमेंटची जमीन, आणि तिने पदर सावरून उंबरठा ओलांडला. स्टॅनफर्डच्याच एका गटाचं २०१९ चं काम आहे: एआर चष्म्यात खुर्चीवर बसलेलं आभासी माणूस दाखवलं, तर चष्मा काढल्यावरही बहुतेक लोक त्या खुर्चीवर बसायचं टाळत होते. तो एआरचा मागे उरलेला परिणाम होता, की तिच्या पायाला साठ वर्षांपूर्वीचा उंबरठा आठवला, हे मला सांगता येणार नाही. मधे मीच तो तिला दाखवला होता ना. आधी फोन न देता तिला बोळातून चालत आणायला हवं होतं. जूनमध्ये स्वतः घातलेला नियम ऑगस्टमध्ये विसरलो.

बोळात दुचाक्या सुसाट येतात. फोनमध्ये डोळे घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे परत नेणार नाही. एआर इथेच थांबवलं.

१ सप्टेंबर

आजवरचा खर्च: हेडसेट १६,५००, हॉलचं भाडं चार वेळा मिळून १,६००, हेडसेटची चेहऱ्यावरची गादी ९००, खुणांची छपाई २४०, जुन्या फोटोंचं स्कॅनिंग ६५०. एकूण १९,८९०. वेळ सात महिने, रोज रात्रीचे दोन तास धरले तर. त्यातले पहिले साडेतीन महिने वाया गेले असं म्हणवत नाही, पण त्या काळातल्या नऊ रेकॉर्डिंगपैकी दोनच ठेवली: कोयरीचं आणि हलणाऱ्या पायरीचं. बाकीच्यांची नावं बदलून ‘दाखवल्यानंतर’ केली, पुसली नाहीत. ‘अस्सल-०४’ चंही तेच केलं. आत्याचा आवाज आहे तो, आप्पांबद्दलचा.

पुढच्या रविवारी नाशिकला माईंकडे जाणार आहे. त्यांनी मॉडेल पाहिलेलं नाही, फोटो पाहिलेले नाहीत, आणि आत्याला फोनवर बजावलं आहे की माईंशी वाड्याविषयी काही बोलायचं नाही. रेकॉर्डर, कोरे कागद आणि दोन पेन्सिली बॅगेत भरल्या आहेत. हेडसेट इथेच कपाटात राहील.